ब्रेक शू बदलायचे की घासायचे?

प्रश्न : माझ्या १०० सीसी मोटारसायकलचा मागचा ड्रम ब्रेक कर्कश वाजतो, पकडही कमी झालीय. मेकॅनिक शू बदला म्हणतो. घरी दुरुस्ती जमेल का?

उत्तर : चाक काढून आधी लायनिंगची, म्हणजे शूवर बसवलेल्या आणि ड्रमला घासणाऱ्या थराची, जाडी मोजा. सर्वांत झिजलेल्या जागी २ मिमीपेक्षा कमी उरली असेल, तडा असेल किंवा लायनिंग तेलाने भिजलं असेल, तर दोन्ही शू बदलाच. पेट्रोलने धुण्याचा उपाय फुकट जातो. आत मुरलेलं तेल ब्रेक तापला की पुन्हा वर येतं.

जाडी पुरेशी असेल तर लायनिंग बहुधा घासून गुळगुळीत, चकचकीत झालेलं असतं. ८० नंबरच्या पॉलिश पेपरने चकाकी जाईपर्यंतच घासा. ड्रमही आतून हलका घासा. धूळ फुंकू नका, ओल्या फडक्याने पुसा. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं.

खरं दुखणं मात्र अनेकदा कॅमचं, म्हणजे पेडल दाबल्यावर फिरून शू ड्रमवर दाबणाऱ्या भागाचं, असतं. पावसाळ्यात चिखल-पाण्याने तो गंजतो, शू मागे येत नाहीत, ड्रम तापतो. आर्म (कॅम फिरवणारी बाहेरची पट्टी) काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्टवर (कॅमच्या दांड्यावर) जुळणारी खूण करा. शाफ्ट साफ करून उष्णतेला टिकणाऱ्या ग्रीसचा अगदी पातळ थर द्या. जास्त झालं की ते लायनिंगवर उतरतं.

पकड वाढवायला आर्म शाफ्टवर एक दाता पुढे बसवण्याची युक्ती गॅरेजमध्ये सर्रास चालते. करू नका. कॅम प्रमाणाबाहेर फिरून ब्रेक अडकू शकतो, शिवाय झीज दाखवणारा बाणही खोटा ठरतो.

पेडलला ब्रेक लागू लागण्याआधी २० ते ३० मिमी मोकळी चाल ठेवा.