दुसऱ्या भेटीला कोण येते?

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा संशोधन-आराखडा दोनदा वाचला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत नऊ प्रश्नांची प्रश्नावली विचारून नैराश्याची चाळणी करायची आणि किती रुग्ण सापडतात ते मोजायचे, एवढ्यावर तो थांबतो. रुग्ण सापडतीलच, अंगदुखी, थकवा, झोप न लागणे अशा तक्रारी घेऊन ते त्याच रांगेत बसलेले असतात, आणि ‘मन उदास आहे’ असे आपण होऊन सहसा कोणी सांगत नाही. पण गुणांची बेरीज झाल्यावर पुढे काय, हे ठरलेले नसेल तर त्या बेरजेने रुग्णाच्या पदरात काहीही पडत नाही.

नैराश्याच्या उपचारांवरील अमेरिकेतील ‘इम्पॅक्ट’ चाचणीचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, ते नीट वाच. साठी ओलांडलेल्या १,८०१ रुग्णांच्या त्या अभ्यासात औषध नवे नव्हते. नवी होती ती ठरावीक दिवसांनी रुग्णाची खबर घेणारी, लक्षणे पुन्हा मोजणारी आणि सुधारणा नसेल तर मानसोपचारतज्ज्ञांशी बोलून उपचारांत बदल सुचवणारी व्यक्ती. वर्षअखेर लक्षणे निम्म्यावर किंवा त्याखाली आलेले रुग्ण अशी व्यक्ती मिळालेल्या गटात ४५ टक्के होते, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत १९ टक्के.

गोव्यातील ‘मानस’ चाचणी (२०१०) मला याहूनही शिकवून गेली. तिथे २४ दवाखाने होते, निम्मे सरकारी, निम्मे खासगी, आणि समुपदेशन करणारे होते प्रशिक्षण दिलेले सामान्य लोक. चाळणीचे निकाल दोन्ही गटांतील डॉक्टरांना मिळत होते. सहा महिन्यांनी सरकारी दवाखान्यांत समुपदेशकांच्या गटातील ६५.९ टक्के रुग्ण बरे झाले होते आणि नेहमीचे उपचार घेणाऱ्या तुलनेच्या गटातील ४२.५ टक्के, खासगीत मात्र दोन्ही गटांत जवळपास दोन तृतीयांश रुग्ण सुधारले. म्हणून ‘नेहमीचे उपचार’ हे दोन शब्द लिहून मोकळी होऊ नकोस. तुझ्या केंद्रांत डॉक्टर रुग्णाला किती मिनिटे देतात, काय लिहून देतात, पुन्हा बोलावतात का, हे महिनाभर बसून नोंदव. हे काम कंटाळवाणे आहे, पण त्यावाचून तुझ्या फरकाचा अर्थ लागणार नाही.

गटांची वाटणी रुग्णनिहाय न करता केंद्रनिहाय कर, कारण एकच डॉक्टर सकाळी एका पद्धतीने आणि दुपारी दुसऱ्या पद्धतीने वागू शकत नाही. त्याची किंमत अशी की एका केंद्रातले रुग्ण एकमेकांसारखे असतात. चार केंद्रांतले हजार रुग्ण संख्येने भरपूर दिसले तरी सांख्यिकीदृष्ट्या ते हजार नसतात. केंद्रे वाढव.

तुझ्या नऊ प्रश्नांच्या प्रश्नावलीतला शेवटचा प्रश्न मृत्यूच्या किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एका पूर्वचाचणीत मी शेजारी बसलो होतो. आठ प्रश्न शांतपणे विचारणाऱ्या कार्यकर्तीने नववा मान खाली घालून भराभर वाचला आणि उत्तर येण्याआधीच ‘अजिबात नाही’वर खूण केली. तिचा दोष नव्हता. उत्तर ‘हो’ आले तर त्याच दिवशी कोणाला बोलवायचे, हे आम्हीच तिला सांगितले नव्हते.

नव्या मसुद्यात ही व्यवस्था आणि दुसऱ्या भेटीला न आलेल्यांना शोधायला कोण जाणार, त्याला किती दिवस आणि किती खर्च लागणार, हे दोन्ही नमुना-संख्येच्या आधी लिही. मग आपण बसू.

तुझा मार्गदर्शक