मळमळतंय म्हणजे उलटी होणारच का?

प्रश्न : ताई, कसं लिहू कळत नाहीये कारण तो शब्द लिहितानाही मला कसंतरी होतं. मी २७ वर्षांची, डोंबिवलीला राहते, घाटकोपरला जॉब आहे. मला उलटीची भीती वाटते. साधीसुधी नाही, खूप. सहावीत शाळेच्या सहलीला महाबळेश्वरला जाताना पसरणी घाटात मला बसमध्ये उलटी झाली, सगळ्या मुली ओरडल्या, बाई चिडल्या, आणि मग वर्षभर वर्गात चिडवणं चालू होतं. त्यानंतर आजपर्यंत मला एकदाही उलटी झालेली नाही पण एक दिवस असा गेला नाही की डोक्यात ते आलं नाही. दीड वर्षापासून पॅनिक अटॅक सुरू झालेत. लोकलने ठाणं सोडलं की पोटात ढवळायला लागतं, तोंडाला पाणी सुटतं, हातपाय गार, धडधड, आणि वाटतं आता झालीच, एवढ्या गर्दीत. म्हणून फास्ट सोडली, स्लोने जाते, कुठेही उतरता येतं. पर्समध्ये प्लास्टिकच्या पिशव्या, लिंबू, अ‍ॅव्होमिनची गोळी असतेच. सकाळी नुसता चहा घेते, पोटात काही नसेल तर बाहेर काय येणार म्हणून. बाहेरचं खाणं बंद, लग्नात जेवत नाही, दूध तीनदा वास घेऊन बघते. वजन ६ किलो कमी झालंय. सोनोग्राफी, रक्त, थायरॉइड सगळं नॉर्मल आलं. मग मानसोपचार डॉक्टरांनी रोजची गोळी दिली, तिसऱ्या दिवशी मळमळ वाढली म्हणून मी परस्पर बंद केली. घरी स्थळं बघतायत आणि मी नाही म्हणतेय, कारण मला प्रेग्नन्सीतल्या उलट्यांची भीती वाटते, हे आईला कसं सांगू? मला फक्त एवढंच सांगा, पॅनिकमध्ये खरंच उलटी होते का?

उत्तर : तुला अगं-तुगं करते हं, मला लेकीसारखीच आहेस. आधी एक गोष्ट, जो शब्द लिहवत नाही म्हणालीस तो तू ह्या पत्रात पाच वेळा लिहिलायस. कसंतरी झालं असेल, तरी लिहिलास आणि पत्र पूर्ण केलंस. हे लक्षात ठेव, मी पुढे ह्याच्यावरच येणार आहे.

तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर असं की पॅनिकमध्ये मळमळ अगदी कॉमन आहे, पॅनिक अटॅकच्या लक्षणांच्या यादीत ती धडधड आणि घाम ह्यांच्याच रांगेत बसते, पण त्यातून प्रत्यक्ष उलटी होणं बहुतेकांच्या बाबतीत क्वचित. तुझंच बघ ना, दीड वर्ष अटॅक येतायत आणि एकदाही झालेली नाही. पण ‘कधीच होणार नाही’ अशी गॅरंटी मी तुला देणार नाही. माझ्याकडे ती नाही आणि कुणाकडेच नसते, मलाही उद्या होऊ शकते. आणि मला वाटतं तुझा सगळा त्रास ह्या गॅरंटीच्या मागे धावण्यातच आहे.

होतं काय ते सांगते. घाबरलं की शरीर पळायच्या तयारीला लागतं, अ‍ॅड्रेनलिन वाढतं, रक्त हातापायांच्या मोठ्या स्नायूंकडे वळतं आणि पोटाचं काम मंदावतं, त्यामुळे खाल्लेलं जरा जास्त वेळ पोटात राहतं आणि ते जड, ढवळल्यासारखं वाटतं. त्यात आपण भराभर श्वास घेतो, नकळत हवा गिळतो, पोट फुगतं, ढेकर येतात, आणि जास्त श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी झाला की गरगरतं, बोटांना मुंग्या येतात. ही मळमळ खोटी नाही, मनाचे खेळ म्हणून कुणी उडवून लावत असेल तर ऐकू नकोस. खरी आहे, फक्त ती खराब अन्नाची नाही, भीतीची आहे. आणि तुझ्याबाबतीत ह्या भीतीचा विषयच उलटी असल्यामुळे गोल फिरत राहतं, भीतीने मळमळतं, मळमळीने भीती वाढते, की परत मळमळ. ह्या भीतीला इमेटोफोबिया म्हणतात, बऱ्याच जणांची लहानपणी सुरू होते, आणि लोक लाजेने सांगत नाहीत म्हणून प्रत्येकीला वाटतं की जगात मी एकटीच अशी.

आता तो रिकाम्या पोटी चहा. हे पहिलं बदल, बाकी सगळं नंतर. उपाशी पोटात अ‍ॅसिड असतंच, वर कडक चहा, रक्तातली साखर खाली आलेली, अशा पोटी धड माणसालाही मळमळेल गं. तू मळमळ टाळायला जे करतेस त्यानेच ती येते. उठल्यावर अर्ध्या तासात थोडं काहीतरी, वाटीभर पेज, एक केळं, अर्धी पोळी, आणि चहा त्याच्यानंतर. दिवसात थोडं थोडं पाच वेळा. ६ किलो म्हणजे कमी नाही, म्हणून तुझ्या डॉक्टरांना वजनाचं पुन्हा सांग, रिपोर्ट नॉर्मल आले म्हणून तो विषय संपला असं धरू नकोस. आणि जर कधी रक्त पडलं, काळी शी झाली, डोळे पिवळे दिसले, रात्री झोपेतून उठवणारं पोट दुखलं तर ते पॅनिकच्या खात्यात टाकायचं नाही, सरळ दवाखाना.

मग ती पर्स. पिशव्या, लिंबू, अ‍ॅव्होमिन, स्लो लोकल, दुधाचा वास. तुला वाटतं ह्यांनी मला वाचवलं. रोज घरी नीट पोचलीस की मन त्याचं श्रेय पिशवीला देतं, ‘पिशवी होती म्हणून निभावलं’, आणि पिशवी नसती तरी काही झालं नसतं हे मनाला कधी कळतच नाही, १६ वर्षं ते शिकायची संधीच त्याला मिळाली नाहीये. अ‍ॅव्होमिन ही गाडी लागू नये म्हणून प्रवासाआधी घ्यायची गोळी, तिने झोप येते, पॅनिकवर ते औषध नाही. हे सगळं एका दिवसात फेकून दे असं मी म्हणणार नाही, कारण मग तू दुसऱ्या दिवशी दुप्पट आणशील. एक आठवडा पिशव्या चारच्या जागी एक. मग ती एक हाताशी नाही तर बॅगेच्या तळाला. मग लिंबू घरी. मग एखाद्या रविवारी, गर्दी नसताना, मैत्रिणीला घेऊन फास्टने डोंबिवली ते ठाणे. ते जमलं, म्हणजे भीती वाटूनही जमलं, की पुढे घाटकोपरपर्यंत. मग तीच ट्रेन एकटीने. भीती शून्य झाल्यावर पुढची पायरी असं नाही हं, दहापैकी सात असलेली चार-पाचवर आली तरी पुढे जायचं.

आणि गाडीत अटॅक आलाच तर? उतरू नकोस, जमेल तितकं थांब. अटॅकचा जोर साधारण दहा मिनिटांत शिखरावर जातो आणि मग उतरायला लागतो, त्याला वर ढकलायला आपण काही केलं नाही तर. श्वास मोठा घ्यायचा नाही, हळू सोडायचा, चार मोजून आत आणि सहा मोजून बाहेर, पोटाने. थुंकी गिळून गिळून चेक करायचं नाही. मनात म्हणायचं, ‘मळमळतंय, मळमळू दे.’ हे म्हणणं पहिल्यांदा खोटं वाटेल, ठीक आहे. दाराशी वारा घेतलास, आल्याचा तुकडा चघळलास तर काही पाप नाही, पण आलं नसेल त्या दिवशीही जाता आलं पाहिजे एवढंच बघ. (दवाखान्यात इंजेक्शनआधी जो स्पिरिटचा बोळा लावतात त्याच्या वासानेही मळमळ कमी होते, ह्यावर अभ्यास झालेत, पण तू पर्समध्ये आता त्याचंही पाकीट भरशील म्हणून भीतभीतच सांगतेय.)

हे सगळं एकटीने करायला जड जातं म्हणून सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं हळूहळू बदलायला शिकवणारी उपचारपद्धत, शिकलेला क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट गाठ. तिथे विषयाच्या जवळ पायरीपायरीने नेतात. आधी तो शब्द लिहिणं, मोठ्याने बोलणं, मग चित्र, मग आवाज, मग व्हिडिओ, कधी खुर्चीत बसून मिनिटभर गोल फिरून मुद्दाम गरगरवायचं आणि ते उतरेपर्यंत शांत बसायचं. घाबरू नकोस, खरोखर उलटी करायला लावत नाहीत, त्याची गरजच नसते. पहिली पायरी तर तू माझ्याच पत्रात चढून आलीयस.

गोळीबद्दल. तू नाव लिहिलं नाहीस, पण पॅनिकसाठी बऱ्याचदा सुरुवातीला एसएसआरआय गटातली, म्हणजे सेरोटोनिन ह्या शरीरातल्या रसायनावर काम करणारी गोळी देतात. शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन आतड्यात असतं आणि ह्या गोळ्या त्यावरच काम करतात, त्यामुळे पहिला आठवडा-दोन आठवडे मळमळ होणं नेहमीचं आहे, मग बहुतेकांची कमी होत जाते, आणि गुण दिसायला काही आठवडे लागतात. तू नेमकी सगळ्यात वाईट टप्प्यात थांबलीस. परत जा आणि स्पष्ट सांग की मला उलटीचीच भीती आहे म्हणून मी बंद केली. डॉक्टर अगदी छोट्या डोसने सुरू करून हळू वाढवू शकतात, जेवणानंतर घ्यायला सांगू शकतात. पण त्या मळमळीवर स्वतःच्या मनाने मेडिकलमधून ऑनडॅनसेट्रॉन आणून चघळू नकोस, काही एसएसआरआयबरोबर ती घेतली तर हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होऊ शकतो, डॉक्टरांनी दिली तर गोष्ट वेगळी. आणि कुणी ओळखीच्यांनी अल्प्राझोलाम, म्हणजे घबराट शांत करणारी गोळी, सुचवली तर तीही नको, लगेच बरं वाटतं पण सवय लागते.

आईला सांग गं. तिला सध्या काय वाटत असेल विचार कर, मुलीचं कुठेतरी जुळलंय, किंवा मुलगी रागावलीय, काहीही. समोर बसून जमत नसेल तर हे पान तिच्यासमोर ठेव. लग्न करायचं की नाही, मूल हवं की नको हे तुझं तू ठरव, कुणी घाई करू नये, पण ते ठरवणारी तू असावीस, भीती नाही. ह्या भीतीवर उपचार घेऊन आई झालेल्या बायका आहेत, आणि गरोदरपणातल्या उलट्यांवर डॉक्टरांकडे औषधंही असतात.

एखाद्या रात्री फारच झालं आणि कुणाशी बोलावंसं वाटलं तर १४४१६ लाव, टेलि-मानस, केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ ला सुरू केलेली फोनसेवा, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलता येतं.

प्रश्न : माझा मुलगा ९ वर्षांचा आहे. दिवाळीनंतर शाळेत एका मुलाने वर्गात उलटी केली तेव्हापासून हा डबा खात नाही, तसाच परत आणतो. रोज रात्री झोपताना विचारतो, आई मला उद्या उलटी होणार नाही ना? मी सांगते नाही रे राजा, काही नाही होणार. मग पाच मिनिटांनी परत तेच. कधी कधी वीस वेळा. मी आता चिडते आणि मग मलाच रडू येतं.

उत्तर : वीस वेळा उत्तर दिलंत म्हणजे तुमची माया कमी नाही, आणि वीस वेळांनंतर चिडलात म्हणून आई वाईट होत नाही. पण ‘नाही होणार’ हे उत्तर त्याला पाच मिनिटंच पुरतं, वर पाहिलंत ना, ती गॅरंटीच आहे. आधी बालरोगतज्ज्ञांना एकदा पोट आणि वजन दाखवून घ्या. मग त्याला दिवसा, झोपायच्या वेळी नाही, बसवून सांगा की ह्या प्रश्नाचं उत्तर आई रात्री एकदाच देणार, आणि उत्तर असं, ‘बहुतेक नाही होणार, आणि झालीच तर बाई मदत करतील, मी येईन, आणि मग आपण घरी येऊन दहीभात खाऊ.’ परत विचारलं तर जवळ घ्यायचं, पाठीवरून हात फिरवायचा, पण उत्तर परत द्यायचं नाही. पहिल्या चार-पाच रात्री जड जातील, तो रडेलही.

क्लासटीचरना भेटून सांगा, त्याला जबरदस्तीने भरवू नका आणि मळमळतंय म्हणाला की लगेच घरीही पाठवू नका, जरा वेळ बाकावर बसू द्या. महिना-दीड महिन्यात फरक वाटला नाही तर बालमानसतज्ज्ञांकडे न्या, लहान वयात हे लवकर सुटतं. आणि डबा पूर्ण संपवायचा हा हट्ट सध्या सोडा. ह्या आठवड्यात पोळीचा साखर-तूप लावून एकच छोटा रोल द्या, आणि परत आला तरी डबा उघडून त्याच्यासमोर उसासा टाकू नका.