इंदूरच्या सिंक्रोट्रॉनचा संशोधनाला खरंच उपयोग होतो का?

तुमचा प्रश्न असा, की इंदूरच्या सिंक्रोट्रॉनवर (इलेक्ट्रॉन रिंगमध्ये फिरवून प्रखर प्रकाश आणि एक्सरे काढणारं यंत्र) सरकारने इतका पैसा घातला, त्यातून मिळालं काय, आणि तेच काम विद्यापीठातल्या एक्सरे यंत्रावर होत नाही का? पीएचडी करताना मी तिथे दोनदा मोजमापं घेतली आहेत, म्हणून स्वतःच्या कामावरूनच सांगतो.

आमचा पदार्थ होता झिंक ऑक्साइड, त्यात दोन टक्के कोबाल्ट. लॅबमधल्या एक्सरे डिफ्रॅक्शनचा (स्फटिकातली अणूंची मांडणी दाखवणारी चाचणी) पॅटर्न अगदी स्वच्छ आला, झिंक ऑक्साइडशिवाय एकही परकं शिखर नाही. आणि खोलीच्या तापमानाला पावडर चुंबकत्व दाखवत होती. अर्धवाहकही आणि चुंबकीयही, म्हणून आम्ही हरखलो होतो. गाइड सरांनी मात्र विचारलं, "कोबाल्ट झिंकच्या जागी बसलाय, की त्याच्या धातूच्या गुठळ्या झाल्यात? दोन-तीन नॅनोमीटरच्या गुठळ्या या यंत्राला दिसायच्या नाहीत."

लॅबमधल्या एक्सरे नळीतून मुख्यतः ठरावीक ऊर्जेचेच एक्सरे निघतात. कोबाल्टच्या आजूबाजूला कोण बसलंय हे कळायला कोबाल्ट ज्या ऊर्जेला एक्सरे एकदम जास्त शोषू लागतो, त्या 7709 इलेक्ट्रॉन व्होल्टच्या अलीकडून सुरुवात करून थोडी थोडी ऊर्जा वाढवत पलीकडे जावं लागतं, आणि प्रत्येक पायरीवर भरपूर प्रकाश लागतो. इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातली इंडस-2 ही रिंग, म्हणजेच हा सिंक्रोट्रॉन, साधारण 172 मीटर परिघाची आहे. तिच्यात 2.5 अब्ज इलेक्ट्रॉन व्होल्टचे इलेक्ट्रॉन फिरतात. चुंबक त्यांना वळवतात तेव्हा अवरक्तापासून एक्सरेपर्यंतचा सलग प्रकाश बाहेर पडतो. त्यातली हवी ती ऊर्जा सिलिकॉनच्या स्फटिकाने निवडून घ्यायची.

प्रपोजल मंजूर झालं. बीमटाइमचे, म्हणजे यंत्रावर मिळालेल्या वेळेचे, पैसे आम्हाला द्यावे लागले नाहीत, आणि आमच्यासारख्या तुटपुंज्या निधीच्या विभागाला तेच फार होतं. सॅम्पल लावायचं, हचमध्ये, म्हणजे सॅम्पलच्या बंदिस्त खोलीत, कोणी राहिलं नाही ना हे फिरून बघायचं, सर्चचं बटण दाबायचं, दार लावायचं. मगच एक्सरे आत सोडणारं शटर उघडतं. आधी तुलनेसाठी कोबाल्टची फॉइल, मग आमची पावडर. कोबाल्ट जेमतेम असल्यामुळे तोच स्कॅन पुन्हा पुन्हा घेऊन बेरीज करावी लागत होती. स्क्रीनवर रिंगमधल्या करंटचा आकडा हळूहळू उतरत होता. पहाटे इलेक्ट्रॉनांचा बीम नव्याने भरायला घेतला, तेव्हा कुठे चहा प्यायला उठलो.

डेटाचं गणित केल्यावर ऑक्सिजन कोबाल्टपासून साधारण 2 अँगस्ट्रॉमवर (अँगस्ट्रॉम म्हणजे नॅनोमीटरचा दहावा भाग) सापडला; तो तिथे असायलाच हवा होता. पण 2.5 अँगस्ट्रॉमजवळ आणखी एक शेजारी निघाला. धातूरूप कोबाल्टमध्ये दोन अणूंमधलं अंतर तेवढंच असतं. चुंबकत्व गुठळ्यांचं होतं! पेपर जवळजवळ लिहून झाला होता, तो थांबवला. एक चुकीचा निष्कर्ष छापला गेला नाही, हाही मी उपयोगच मानतो.

इंडस-2 वर सगळंच होतं असं नाही. वेंकी रामकृष्णन यांना 2009 चं नोबेल ज्या रायबोसोमच्या (पेशीतलं प्रथिनं बनवणारं यंत्र) रचनेसाठी मिळालं, त्या कामाला अमेरिका-युरोपातल्या प्रखर सिंक्रोट्रॉनचा प्रकाश लागला. इंडस-2 वर प्रथिनांसाठी बीमलाइन (रिंगमधला प्रकाश प्रयोगापर्यंत आणणारी वाट) आहे, पण फार बारीक स्फटिक घेऊन आपले लोक आजही फ्रान्समधल्या ग्रेनोबलचा किंवा इटलीतल्या ट्रिएस्टचा सिंक्रोट्रॉन गाठतात. ग्रेनोबलची रिंग 844 मीटरची आहे. आपल्याला यापुढचं, जास्त प्रखर यंत्र लागणार आहे, आणि ते लवकर व्हावं असं मला मनापासून वाटतं.

ते बांधणारी माणसं आपल्याकडे आहेत, कारण 450 दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टची छोटी इंडस-1 1999 मध्ये आणि इंडस-2 2005 मध्ये इंदूरलाच उभी राहिली. इलेक्ट्रॉनना ऊर्जा देणारे, सॉलिड स्टेट पद्धतीचे रेडिओ लहरींचे अॅम्प्लिफायर पुढे त्याच केंद्रातल्या लोकांनी बनवले. हे शिक्षण परदेशात बीमटाइम घेऊन मिळत नाही.

आणि घरचं यंत्र असलं की पुन्हा जाता येतं. आम्ही पावडर भाजायची पद्धत बदलली, नवीन सॅम्पल केली आणि पुढच्या वर्षी रात्रीच्या बसने परत इंदूर गाठलं. या वेळी 2.5 अँगस्ट्रॉमजवळ काहीच नव्हतं. कोबाल्ट झिंकच्या जागी बसला होता, आणि चुंबकत्व जवळपास नाहीसं झालं होतं. आम्ही छापलं ते हे.