मास सलामत पळाल्यावर सिंगापूरच्या लोकांचा सुरक्षेवरचा विश्वास उडाला का?

पूर्ण उडाला असं नाही, पण तडा नक्की गेला. २७ फेब्रुवारी २००८ ला जेमा इस्लामिया या दहशतवादी संघटनेचा हा म्होरक्या, ज्याच्यावर चांगी एअरपोर्टवर विमान आदळायच्या कटाचा आरोप होता, व्हिटली रोड डिटेन्शन सेंटरमधे घरच्यांच्या भेटीआधी टॉयलेटला गेला, नळ चालू ठेवला आणि खिडकीतनं पसार झाला. त्या खिडकीला ग्रिलच नव्हतं! इतक्या शिस्तीच्या देशात एवढी साधी गोष्ट राहून जाते हेच लोकांच्या जिव्हारी लागलं, आणि वर बातमी जाहीर व्हायला चार-एक तास गेले त्याचा राग वेगळाच. माझ्या मते विश्वास खरा तिथे डळमळला, कारण शोधायला तर लोकांचीच मदत लागणार होती ना, मग त्यांना लगेच सांगायला काय हरकत होती?

गृहमंत्री वाँग कान सेंग संसदेत सॉरी म्हणाले, चौकशी समिती नेमली, चुका लपवल्या नाहीत, हे बरं केलं. राजीनामा मात्र दिला नाही आणि तो मुद्दा बरेच दिवस धुमसत राहिला.

१ एप्रिल २००९ ला मास सलामत मलेशियात जोहोरमधे पकडला गेला. पण २०१० मधे कळलं की एवढी पोस्टरं, एवढी गस्त चालू असताना तो सिंगापूरमधेच टॅम्पिनीस भागात भावाच्या घरी लपला होता आणि तिथून बाईच्या वेशात निघून जोहोरची सामुद्रधुनी पोहून पलीकडे मलेशियात गेला. नातेवाइकांचं घर लगेच का नाही तपासलं, हा प्रश्न लोकांनी विचारला तो अगदी रास्तच होता.