इंदूरजवळच्या वीटभट्टीवरून सोडवलेल्या दोन गाढवांना रोज उरलेल्या पोळ्या नि गूळ घातला तर चालेल का?

नाही, रोजचं पोट गव्हाच्या कोरड्या भुशावरच भरू द्या. निवाऱ्यातल्या गाढवांची देखभाल करताना हेच दिसतं: कोरड्या मुलखातलं हे जनावर हलक्या चाऱ्यावर टिकतं, पण पिठागुळाने मानेवर चरबीचा घट्ट पट्टा चढतो, खूर आतून सुजतात आणि ते पाय उचलून-उचलून ठेवायला लागतं. शेव-जिलबी घेऊन येणाऱ्या पुण्यवंतांना फाटकातच थांबवा. भुसा झटकून, धूळ काढून घाला. मात्र आत्ता पोळ्यांवर असतील तर एकदम तोडू नका, हळूहळू कमी करा; गाढवाने खाणं टाकलं की रक्तात चरबी उतरते आणि जिवावर बेततं. असं झालं तर त्याच दिवशी पशुवैद्याला बोलवा, महूचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही जवळच आहे.