एफडी मोडून मिला करायची का?

ठाण्याच्या एका बेने इस्रायली, म्हणजे मराठी ज्यू, वाचकांचं पत्र काल आलं. पहिला मुलगा झाला, प्रसूती नॉर्मल. आठव्या दिवशी मिला, म्हणजे सुंतेचा विधी, व्हायची होती, पण बाळाला कावीळ झाली आणि डॉक्टरांनी थांबायला सांगितलं. आता वडील म्हणतात, 'वेळ मिळालाच आहे तर हॉल घेऊन दणक्यात करू, पहिला नातू आहे.' अंदाजे खर्च 2 लाख 80 हजार. हॉलवाला 50 हजार आगाऊ मागतोय, परत न मिळणारे. प्रश्न असा, की 3 लाख 60 हजारांची एफडी मोडावी की पर्सनल लोन घ्यावं?

आधी तुमचं आणि वहिनींचं अभिनंदन. बाळ निळ्या दिव्याखाली असताना तुम्ही हिशेब मांडून पाठवलात, त्यावरूनच तुमची ओढाताण कळते.

दोन्ही करू नका. सांगतो का ते.

हॉलचंच आधी बघू. तारीख तुमच्या हातात नाही. ती डॉक्टर आणि मोहेल (सुंता करणारे) मिळून ठरवणार, आणि बाळ ठणठणीत आहे असा निर्वाळा मिळाला की मिला शक्य तितक्या लवकर करायची, ही तुमचीच रीत. सोयीचा रविवार बघून ती लांबवत नाहीत, आणि एकदा पुढे गेलेली मिला शब्बाथला, म्हणजे शनिवारी, करत नाहीत. म्हणजे निर्वाळा सोमवारी मिळाला तर बुधवारीही असू शकते. ज्या कार्याचा दिवस दोन दिवस आधी कळणार, त्यासाठी 50 हजार अडकवणं म्हणजे ते गेले असंच धरायचं.

आता एफडी. तुमचा पगार 62 हजार. घरखर्च 48 हजार आणि घराचा हप्ता 27 हजार, मिळून महिन्याला 75 हजार. वहिनींची 26 आठवड्यांची भरपगारी रजा संपली की त्यांना आणखी सहा महिने बिनपगारी घरी राहायचंय. त्या काळात दरमहा 13 हजार कमी पडणार, एकूण 78 हजार. एफडीतून 2 लाख 80 हजार काढले तर उरतात 80 हजार. म्हणजे शिल्लक फक्त ही तूट भरण्यापुरती, आणि मध्येच बाळाला पुन्हा दवाखान्यात न्यावं लागलं तर हात रिकामे. शिवाय मुदतीआधी मोडल्याचा व्याजातला फटका आहेच. लोनचं म्हणाल तर 14 टक्क्यांनी तीन वर्षांसाठी हप्ता साधारण 9,570 येतो. व्याजच 64 हजारांच्या वर. बिनपगारी रजेचा विचार मग सोडूनच द्यावा लागेल.

माझं लहानपण ठाण्यात गेलं. शेजारच्या बेने इस्रायली घरी मलिदा, म्हणजे आभाराचा विधी, असला की आम्हा पोरांना बोलावणं असायचं. भिजवलेले पोहे, गूळ, ओलं खोबरं, वेलची, वर सुकामेवा आणि कडेने फळं मांडलेलं ते मोठं ताट, आणि एलियाहू हन्नाबीचं (एलिया संदेष्ट्याचं) गाणं सुरू झालं की सगळं घर गप्प. त्या ताटाला तेव्हाही फार पैसे लागत नव्हते, आजही लागत नाहीत.

म्हणून माझं म्हणणं असं: मिला सिनेगॉगमध्ये (ज्यू प्रार्थनास्थळात) किंवा घरी, जवळची पन्नास-साठ माणसं, मलिदा आणि चहा-नाश्ता. बचत खात्यातले 85 हजार आहेत, त्यातले 60 हजारांपर्यंत खर्च करा. मोहेलचा प्रवास, राहणं, मानधन आणि बालरोगतज्ज्ञांची आधीची तपासणी यात मात्र एक रुपयाही वाचवू नका.

वडिलांना खर्चाचा आकडा दाखवून पटणार नाही, असं मला वाटतं. त्यांना सांदेकचा, म्हणजे मिलाच्या वेळी बाळाला मांडीवर घेण्याचा, मान द्या. नातू त्यांच्या मांडीवर असेल, याहून मोठं त्यांना त्या दिवशी काय हवंय? आणि आणखी एक काम त्यांच्याकडे सोपवा. पहिला मुलगा, नॉर्मल प्रसूती, म्हणजे जन्मापासून 31व्या दिवशी पिदयोन हाबेनही येतं, म्हणजे थोरल्या मुलाला कोहेनकडून (पुरोहित कुळातल्या माणसाकडून) चांदी देऊन सोडवून घेण्याचा विधी. त्याला पाच चांदीची नाणी लागतात, साधारण 100 ग्रॅम चांदी. ती आजोबांनी घ्यावी. मात्र चांदीचा भाव आजच विचारून ठेवा, आणि कोहेन कुठून येणार तेही हजानना (सिनेगॉगमध्ये प्रार्थना चालवणाऱ्यांना) विचारा, म्हणजे त्यांच्या प्रवासाचा खर्च ऐनवेळी अंगावर येणार नाही.

नातेवाइकांचं मोठं जेवण राहू दे पुढे. इस्रायलमधल्या अश्दोदची आत्या येईल तेव्हा घरीच नारळाच्या दुधातलं मटण करा.

या आठवड्यात मात्र दोन कामं कराच. जन्माची नोंद 21 दिवसांच्या आत व्हायला हवी. नाव मिलाच्या वेळी ठेवणार म्हणून थांबू नका. नावाशिवाय नोंद होते आणि नाव वर्षभरात फुकट घालता येतं. दुसरं, ऑफिसच्या आरोग्य विम्यात बाळाचं नाव घालायला बऱ्याच कंपन्या थोडेच दिवस देतात. एचआरला आजच मेल टाका आणि कावीळीच्या उपचाराची बिलं जपून ठेवा. पॉलिसीत पहिल्या दिवसापासून बाळाला संरक्षण असेल तर तो खर्च परत मिळू शकेल.