‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ ही कादंबरी इतकी लोकप्रिय असूनही तिच्यावरचे संगीत नाटक आर्थिकदृष्ट्या का चालले नाही?

हे नाटक मी २००८ च्या सुरुवातीला लंडनच्या थिएटर रॉयल ड्रुरी लेनमध्ये पाहिले. नोकरीनिमित्त तेव्हा माझा मुक्काम तिथे होता, आणि तिकीट काढले ते कादंबरीकार टोल्किन यांच्यापेक्षा नाटकाचे एक संगीतकार ए. आर. रहमान यांच्या ओढीने. माझ्या मते, कादंबरी मोठी होती म्हणून हे नाटक पडले नाही. तिचा आवाका पैशाच्या आणि यंत्रांच्या बळावर गाठता येईल असे गृहीत धरले गेले, म्हणून ते पडले.

मार्च २००६ मध्ये टोरांटोच्या प्रिन्सेस ऑफ वेल्स थिएटरमध्ये ते प्रथम आले. खर्च सुमारे २ कोटी ८० लाख कॅनेडियन डॉलर, रंगमंचावर साठाहून अधिक कलाकार आणि प्रयोगाची लांबी साडेतीन तासांच्या घरात. तीन खंडांची, हजारावर पानांची कथा एका संध्याकाळी सांगायची म्हटल्यावर पात्रे येतात, प्रसंग सांगतात आणि निघून जातात, त्यांच्याशी आपली ओळख होतच नाही. सप्टेंबरमध्ये तिथले प्रयोग थांबले. दिग्दर्शक मॅथ्यू वॉर्कस यांनी बरीच काटछाट करून जून २००७ मध्ये ते लंडनला आणले, आणि तिथे आणखी सव्वा कोटी पौंड लागले. १९ जुलै २००८ रोजी ते बंद झाले तेव्हा लंडनमध्ये त्याचे ४९२ प्रयोग झाले होते. आपल्याकडे पाचशेव्या प्रयोगाच्या उंबरठ्यावर पोहोचलेल्या नाटकाला कोणी पडलेले नाटक म्हणणार नाही. पण सुमारे दोन हजार आसनांच्या त्या नाट्यगृहात रोजचा खर्च भागवून मूळ भांडवल वसूल व्हायचे, तर वर्षानुवर्षे गर्दी टिकायला हवी होती, आणि ती टिकली नाही.

नेपथ्य थक्क करणारे होते, हे मान्यच करायला हवे. फिरत्या रंगमंचात वरखाली होणाऱ्या १७ लिफ्ट होत्या. पहिल्या अंकाच्या शेवटी बालरॉग हा अग्निराक्षस प्रकटला तेव्हा प्रेक्षागृहात सोसाट्याचा वारा सुटला आणि राखेसारखे काळे कागदाचे कपटे माझ्या मांडीवर येऊन पडले. मात्र २००१ ते २००३ या काळात आलेले तीन चित्रपट ज्यांनी पाहिले होते, त्यांना युद्ध आणि राक्षस यांचे नावीन्य उरले नव्हते, आणि त्या बाबतीत रंगभूमी पडद्याशी स्पर्धा करू शकत नव्हती.

रंगभूमी जिंकत होती ती अगदी साध्या जागी. नाटक सुरू होण्याआधी हॉबिट, म्हणजे कथेतली बुटकी माणसे, प्रेक्षकांमध्ये हिंडून काजवे पकडत होती, आणि ते पाहताना मी सगळा दिवसभराचा शीण विसरले. पुढे मॉर्डॉर या शत्रूच्या प्रदेशाच्या वाटेवर दमलेला हॉबिट नायक फ्रोडो आणि त्याचा सोबती सॅम शेजारी बसून एक गाणे म्हणतात, तेव्हा यंत्रे थांबलेली असतात आणि नाट्यगृहात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता असते. संगीत नाटकातल्या पदासाठी कथा थांबते आणि प्रेक्षकही आनंदाने थांबतो, हे आपल्याला परिचयाचे आहे. इथे कथेची घाई इतकी होती की असे थांबणे फारच थोड्या वेळा वाट्याला आले. वास्तविक रहमान यांच्या जोडीला वार्टिना हा फिनलंडचा लोकसंगीत गट होता, आणि टोल्किन यांनी कथेतल्या एल्फ या अमर जमातीची क्वेन्या ही काल्पनिक भाषा घडवताना फिनिश भाषेचाच आधार घेतला होता. याहून चपखल निवड मला सुचत नाही.

म्हणूनच २०२३ साली इंग्लंडमधल्या न्यूबरीजवळ, जुन्या पाणचक्कीत वसलेल्या वॉटरमिल या छोट्या नाट्यगृहाने हे नाटक पुन्हा उभे केले, याचा मला मनापासून आनंद झाला. तिथे सुमारे दोनशेच आसने आहेत. वीसेक कलाकारांनी स्वतः वाद्ये वाजवत गाणी सादर केली, आणि कथेच्या सुरुवातीची, फ्रोडोचा वडीलधारा नातलग बिल्बो याच्या वाढदिवसाची मेजवानी बाहेर बागेत, प्रेक्षकांच्या सोबतीने पार पडली. त्यानंतर ही नवी निर्मिती शिकागोला आणि पुढे ऑकलंडलाही गेली.